आळ, अब्रू आणि इन्साफ

कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या आडोशाने वसलेल्या अकोले तालुक्यातील देवगावचा राघोजी रामजी भांगरे याला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, तेव्हा कंपनी सरकारच्या दप्तरात त्याची जी नोंद राहिली ती बंडखोर आणि दरोडेखोर अशी होती. आणि त्याच राघोजीचे नाव आज अकोल्यात जयंतीच्या मिरवणुकांतून आद्यक्रांतिकारक म्हणून आदराने घेतले जाते. एकाच माणसाविषयी, त्याच्या त्याच कृत्यांविषयी, इतके परस्परविरुद्ध दोन निवाडे व्हावेत आणि ते दोन्ही आपापल्या जागी बिनतक्रार नांदावेत, ही गोष्ट आरोप, अब्रू आणि न्याय यांच्या संबंधाचा विचार करू पाहणाऱ्यास थबकवणारी आहे. कारण निवाडा कोणी केला यावर निवाड्याचा अर्थ ठरतो एवढेच यातून निघत नाही. आरोप माणसाला कसे घडवतो, हेही यातून निघते.

राघोजीचे वडील रामजी भांगरे हे महादेव कोळी नाईकांपैकी. नाईकांचे किल्ल्यांवरील आणि घाटरस्त्यांवरील पिढीजात हक्क पेशवाईनंतर कंपनीच्या अमलात आक्रसत गेले आणि डोंगरातला असंतोष वाढत गेला. राघोजी बंडात कसा शिरला याविषयी तालुक्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी की, राजूरच्या पोलीस अंमलदाराची जागा आपल्याला मिळेल या भरवशावर असलेल्या या तरुणाला डावलून दुसऱ्याची नेमणूक झाली, आणि पुढे त्याच्यावर सरकारविरोधी कारवायांचा ठपका ठेवणारा अहवाल वर गेला. हकीकतीतील प्रत्येक तपशील दस्तऐवजांनी शाबीत होईल असे मी म्हणणार नाही. पण लोकांनी बंडाचे मूळ दारिद्र्यात किंवा पराक्रमात न शोधता एका कागदावरच्या आरोपात शोधले, याला माझ्या मते मोठा अर्थ आहे. ज्याची शहानिशा होणार नाही असा आरोप अंगावर आल्यावर, विशेषतः ज्याच्या जमातीकडे सरकार आधीच संशयाने पाहते अशा माणसाला, आरोपाप्रमाणे वागण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही, हे त्या डोंगरातल्या माणसांना अनुभवाने ठाऊक होते.

१८४४-४५ च्या सुमारास नगर, नाशिक, ठाणे आणि पुणे या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात हे बंड पसरले. बंडकऱ्यांनी सावकारांची नाके-कान कापल्याची वर्णने सरकारी लिखाणात ठसठशीतपणे येतात, आणि ती वाचून आजचा वाचकही शहारतो. पण या क्रौर्याची जात लक्षात घेण्याजोगी आहे. सावकार कोर्टातून एकतर्फी हुकूमनामा मिळवीत असे. जंगलातल्या कुळाला समन्स पोचले काय आणि न पोचले काय, तारखेस तो हजर नसे, आणि गैरहजेरी हाच त्याच्या लबाडीचा पुरावा ठरून जमीन व अब्रू दोन्ही एका फटक्यात जात. कुळाची चारचौघांतली जी अब्रू कोर्टाच्या शिक्क्याने गेली, तिचा बदला त्याने सावकाराच्या चेहऱ्यावर घेतला. मी हे समर्थन म्हणून लिहीत नाही. ज्या समाजात अब्रूचा कज्जा ऐकून घेणारे कोणी नसते तेथे तो कज्जा कोणत्या रीतीने चालवला जातो, एवढेच दाखवतो. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे सावकारांविरुद्धच्या दंग्यास तोंड फुटले, चौकशीसाठी कमिशन बसले आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. नुसत्या कागदावर विसंबून न राहता न्यायाधीशाने व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, हे त्या कायद्याचे सार होते. शिक्क्याचा कागद म्हणजे सत्य नव्हे, ही कबुली सरकारच्या तोंडून निघायला राघोजीच्या फाशीनंतर एकतीस वर्षे लागली.

राघोजी पकडला गेला तो पंढरपुरास, २ जानेवारी १८४८ रोजी, गोसाव्याच्या वेषात. खटल्यात त्याच्या बाजूने वकीलही उभा राहिला नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. चोर सोडून संन्याशाला फाशी ही आपली म्हण त्याच्या बाबतीत विचित्र रीतीने अक्षरशः लागू पडावी, याला नियतीचा विनोद म्हणावे की काय कोण जाणे.

मात्र इंग्रजी अमलापूर्वी या डोंगरात आरोपाची चौकशीच होत नसे, असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कॅप्टन मॅकिंटॉश याने महादेव कोळ्यांविषयी जे विस्तृत टिपण लिहिले, त्यात त्यांच्या गोतराणी नावाच्या जातसभेचे वर्णन आले आहे. जुन्नरच्या बाजूला केंद्र असलेल्या या सभेत वंशपरंपरेने चालत आलेले सहा अधिकारी असत: प्रमुख तो रगतवान, त्याचा दुय्यम मेटल, आणि त्यांच्या हाताखाली सबला, ढाल्या, हाडक्या व मडक्या. जातीचे नियम मोडल्याचा आरोप ज्याच्यावर येई त्याच्या दारावर ढाल्या जांभळीची फांदी लावी. हाडक्या मेलेल्या गाईचे हाड त्या दाराशी बांधी. मडक्या घरातली मातीची भांडी ताब्यात घेई. जांभळीची फांदी लागेपर्यंत गोष्ट हातात असे. हाड बांधले गेले की त्या घराशी पाणी, विस्तव, बेटीव्यवहार सारेच तुटे. एका घराच्या चौकटीवर लटकणारे ते हाड म्हणजे सबंध पंचक्रोशीला वाचता येईल असा निकाल होता, आणि ज्या काळी शंभरात एकाला अक्षरओळख नव्हती त्या काळी याहून प्रभावी जाहीरनामा दुसरा सुचणे कठीण.

या व्यवस्थेचा निर्दयपणा उघड आहे आणि तिच्या कौतुकात वाहून जाण्याचे कारण नाही. जातपंचायतीच्या जाचाने किती घरे उद्ध्वस्त झाली याची गणती कोणी केलेली नाही. तरीही तिच्यात एक गोष्ट होती जी पुढच्या अधिक सुधारलेल्या व्यवस्थांत मला क्वचितच आढळते. ज्या हाताने हाड बांधले त्याच हाताने ते सोडण्याचीही रीत होती. दोषी माणसाने दंड भरला, प्रायश्चित्त घेतले, गोताला जेवू घातले, म्हणजे ते हाड उतरे आणि उतरल्याचेही साऱ्या गावाला तितक्याच स्पष्टपणे दिसे. आरोप चिकटवण्याची सोय प्रत्येक समाजाने, प्रत्येक राजवटीने, मोठ्या कल्पकतेने केली आहे. तो उतरवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र बहुतेकांनी वाऱ्यावर सोडला आहे. या आढाव्यात मला हेच सूत्र पुन्हा पुन्हा हाताला लागले.

आपल्या संतचरित्रांकडे या दृष्टीने पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. जनाबाईवर विठ्ठलाचे पदक चोरल्याचा आळ येतो. चोखोबावर देवाचा हार घेतल्याचा आळ येतो. दामाजीपंतांवर सरकारी कोठार लुटवल्याचा ठपका येतो. तुकोबांविरुद्ध रामेश्वरभट्टांकडून फिर्याद उभी राहते आणि गाथा इंद्रायणीत जाते. ज्ञानदेवादी भावंडांचे तर जन्मणे हेच आरोपपत्र होते. त्यांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले आणि मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. रतनगडाखालून निघणारी आमची प्रवरा ज्या नेवाशाजवळून पुढे गोदावरीस मिळते, त्या नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती या वाळीत टाकलेल्या मुलांपैकी एकाच्या मुखातून. म्हणजे महाराष्ट्राने ज्यांना आपले मानले त्यांच्यापैकी बहुतेक जण एकेकाळी आरोपीच होते. येथवर अभिमान वाटण्याजोगेच आहे.

पण या कथांत न्याय कसा होतो ते पाहावे. जनाबाईसाठी सुळाचे पाणी होते. चोखोबाला बांधलेले बैल जागचे हलत नाहीत. दामाजीसाठी देव महाराचे रूप घेऊन रसीद आणतो. गाथा पाण्यावर तरते. गावातला एकही माणूस पुढे येऊन म्हणत नाही की, बाईला सुळावर नेण्यापूर्वी पदक तिच्या घरी कसे आले याची चौकशी करू या. चमत्काराने आरोपी सुटतो, आरोप करणाऱ्यास मात्र कोणी जाब विचारीत नाही. फार तर तो शरण येऊन भक्त होतो. निर्दोष माणसाच्या बाजूने साक्ष द्यायची ती देवानेच, ही अपेक्षा आमच्या नैतिक कल्पनेत इतकी खोल रुजली आहे की, ज्याच्यासाठी चमत्कार घडत नाही तो दोषीच असला पाहिजे असे मन नकळत मानू लागते. सीतेच्या अग्निदिव्यानंतरही लोकापवाद उरतोच, आणि तेथे तर साक्षात् अग्नीने साक्ष दिली होती.

दिव्य हा प्रकार कथेपुरता नव्हता. मराठेशाहीत वतनाचे, हद्दीचे, चोरीचे कज्जे जेथे कागदांनी वा साक्षींनी मिटत नसत तेथे तो चाले, आणि वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात त्याची रीत तपशिलाने वाचावयास मिळते. रवादिव्य करणाऱ्याचे हात आधी साबणाने धुऊन, नखे काढून, हातांवरच्या जुन्या खुणा लिहून घेऊन, पिशव्यांत घालून मोहरबंद करीत. मग देवालयात, पंचांसमक्ष, प्रतिज्ञेचे भाळपत्र कपाळी बांधून त्याला उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढावा लागे. पुन्हा हात मोहरबंद, आणि ठरल्या दिवशी पिशव्या सोडून पाहणी. हात शुद्ध निघाले तर तो खरा. आजच्या बुद्धीला हे हास्यास्पद वाटेल. तथापि मोहरबंद करण्यापूर्वी जुन्या खुणा नोंदवून घेणारी बुद्धी पुराव्याच्या बाबतीत गाफील नव्हती, हेही मान्य केले पाहिजे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दिव्याच्या आधी घडे. वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही करीना, म्हणजे आपापली हकीकत, लिहून द्यावा लागे, निवाडा मानू असा राजीनामा द्यावा लागे, आणि वर्तणुकीचे जामीन द्यावे लागत. हरणाऱ्याकडून येजितखत, म्हणजे हरल्याची लेखी कबुली, घेत; जिंकणाऱ्यास महजर, म्हणजे निवाडापत्र, मिळे, आणि त्यासाठी त्याला हरकी नावाची रक्कमही भरावी लागे. दुसऱ्यावर तोहमत घेणाऱ्याने स्वतःची पत गहाण टाकल्याशिवाय सभा त्याचे ऐकण्यास बसत नसे. अर्थात् ज्याला जामीन मिळत नाही, ज्याच्यापाशी हरकी भरण्यास दाम नाही, त्याने तक्रार करावी कशी, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारला असेल असे दिसत नाही.

या सर्व व्यवस्थेला चकवून आरोप इतिहासाचे रूप कसे घेतो, याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे आनंदीबाई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले. येथपर्यंत इतिहास आहे. पण 'धरावे' याचे 'मारावे' आनंदीबाईने केले, ही जी गोष्ट शाळकरी पोरालाही पाठ असते, तिच्या पाठीमागे तसा फेरफार केलेला कागद इतिहासकारांनी पुढे आणल्याचे मला ठाऊक नाही. रामशास्त्र्यांनी ज्याला दोषी म्हटले तो रघुनाथराव १७८३ साली आमच्याच जिल्ह्यात कोपरगावी वारला आणि लोकांच्या मनात आज तो एक दुबळा, बायकोच्या कह्यात गेलेला गृहस्थ म्हणून जवळजवळ दयेचा विषय होऊन बसला आहे. आणि जिच्याविरुद्ध न्यायासनापुढे ते अक्षर कधी शाबीत झाले नाही तिच्या माथी कारस्थानाचा शिक्का कायमचा बसला. पुरुषाच्या अपराधाचा भार बाईच्या चारित्र्यावर उतरवून ठेवण्याची ही रीत नवी नव्हती, आणि जुनीही झालेली नाही.

घाशीराम कोतवालाचे प्रकरण याच्या उलट अंगाचे. ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणेसाठी पुण्यास आलेल्या तैलंग ब्राह्मणांना चोर ठरवून कोतवालीच्या चौकीत कोंडण्यात आले आणि त्यांतले बरेच गुदमरून मेले. घाशीरामाचा जुलूम शहराला ठाऊक होता, त्यामुळे बोभाटा होताच लोक खवळले, आणि अखेर त्याला जमावाच्या हवाली करण्यात आले. दगडांनी ठेचून त्याचा प्राण घेतला गेला. विनाचौकशी चोर ठरवणाऱ्याला विनाचौकशीच मारण्यात आले आणि शहर समाधान पावले. विजय तेंडुलकरांनी १९७२ मध्ये यावर नाटक लिहिले तेव्हा त्या नाटकावरच नाना फडणविसांच्या व एका जातीच्या बदनामीचा आरोप झाला आणि पुण्यात प्रयोग थांबवावे लागले. त्या वादात नाटक पाहिलेल्यांपेक्षा न पाहिलेल्यांचा आवाज मोठा होता, असे म्हणण्यास हरकत नसावी.

इंग्रजी अमलात बदनामी हा लेखी गुन्हा झाला आणि वर्तमानपत्र हे आरोपाचे नवे पीठ झाले. या दोहोंची एक मोठी टक्कर कोल्हापूर प्रकरणात दिसते. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असून त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशा आशयाचे लेख 'केसरी' व 'मराठा' पत्रांत आले. बर्व्यांनी फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप उभा होता ती बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि एकशे एक दिवसांनी ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. त्या तुरुंगवासावर आगरकरांनी पुस्तकच लिहिले. दुसरीकडे, छत्रपतींविषयीची चिंता निराधार होती असेही म्हणवत नाही: २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्या राजाचा अंत झाला.

या प्रकरणाचा हिशेब करू गेल्यास अब्रूचे आणि इन्साफाचे खाते किती वेगळे असते ते कळते. कोर्टात बर्वे जिंकले, लोकांत हरले. संपादक कोर्टात हरले आणि सुटले त्या दिवशी लोकनायक झाले. आरोप खोटा ठरूनही आरोपकर्त्याची कीर्ती वाढली आणि निर्दोष ठरूनही आरोपिताचे नाव आज दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी कोणाला आठवत नाही. टिळक-आगरकरांविषयीच्या आदरात काडीइतकीही उणीव न येऊ देता मला असे वाटते की, बनावट पत्रांना बळी पडण्याची ती चूक आमच्या पत्रकारितेने धडा म्हणून गिरवायला हवी होती. आम्ही ती शौर्यकथा म्हणून गिरवली.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी क्रॉफर्ड प्रकरण झाले, आणि त्यात आमचा नगर जिल्हाही ज्यात मोडत होता त्या मध्य भागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यावर बढती-बदलीसाठी लाच घेतल्याचे आरोप झाले. ज्या मामलेदारांनी पैसे दिल्याची कबुली दिली त्यांना अभय देऊन सरकारने साक्षी घेतल्या. निकाल लागला तो असा: लाचेच्या आरोपांतून साहेब मोकळा, हाताखालच्या मुलखात कर्जे काढल्याबद्दल मात्र नोकरीतून दूर. आणि सत्य बोललेले मामलेदार? लाच दिल्याची कबुली हीच त्यांच्याविरुद्ध वापरा, अशी ओरड इंग्रजी पत्रांनी केली, काहींना घरी बसावे लागले, आणि अभयाचे वचन पाळा म्हणून टिळकांना १८८९ मध्ये पुण्यात सभा घ्यावी लागली. वरिष्ठाविरुद्ध साक्ष देणाऱ्यावरच आरोप उलटतो, हा त्या प्रकरणाचा धडा कचेरीतल्या कारकुनाने कधी विसरलेला नाही. म्हणून तर निनावी अर्ज ही संस्था आमच्याकडे इतकी भरभराटीस आली.

आतापर्यंतची उदाहरणे एकेका व्यक्तीची झाली. व्यक्तीवरचा आळ वंशावर लिहिण्याचे काम १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने केले. पुढे १९११ आणि १९२४ साली त्याची नवी रूपे आली, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि पोलीस ठाण्यावर हजेरी देणे हा हजारो माणसांच्या दिनक्रमाचा भाग झाला. मूल जन्मास आले तेच आरोपी म्हणून. ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो कायदा रद्द झाला, जमाती विमुक्त ठरल्या. परंतु लक्ष्मण गायकवाडांचे १९८७ साली आलेले 'उचल्या' ज्याने वाचले असेल त्याला कायद्याच्या पुस्तकातून गेलेली ओळ गावच्या तोंडातून किती सावकाश जाते हे सांगावे लागणार नाही. विहिरीवरची मोटार रात्री चोरीस गेली की सकाळी पंचनाम्याच्या आधी गावातून एक वाक्य निघते, ते माळावरल्या पालांकडे बोट दाखवते. दोघांना उचलले जाते, तिसऱ्या दिवशी सोडले जाते. मोटार महिन्याभराने कोणा पाहुण्याच्या शेतात सापडते, तेव्हा गाव हसते आणि विषय संपतो. पालातल्या माणसाकडे जाऊन चुकले बुवा असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. साप साप म्हणून भुई धोपटणे ही म्हण अशा वेळी फार सौम्य वाटते, कारण येथे भुईच्या जागी माणसे होती. फिरस्ते होते, अंगावर वेगळा वेष होता, आणि संशयाचा साचा पिढ्यान् पिढ्या तयारच होता. मोबाइलवरच्या अफवेने त्यात फक्त त्या आठवड्याचा मजकूर ओतला. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच संशयात मारले गेले.

येथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. आरोपाने अब्रू जाते, निर्दोष भरडले जातात, म्हणून आरोप करणाऱ्यालाच आधी चाप लावावा, खोट्या फिर्यादींना जरब बसवावी, असे मत हल्ली सुशिक्षितांत वारंवार ऐकू येते. वर वर्णिलेली जामीनकतब्याची मराठेशाही रीत वाचून कोणाला ते अधिकच पटेल. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेल्या प्रकारात आहे. एका आदिवासी मुलीने पोलिसांवर बलात्काराचा आरोप केला. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवले. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत वगैरे कारणे देऊन, आरोपींना सोडले. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी पुढच्या वर्षी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या मुलीने तक्रार करताना काय पणाला लावले नव्हते? दुबळ्या माणसाची फिर्याद हीच त्याची गहाणवट असते. त्याच्याकडून आणखी जामीन मागणे म्हणजे त्याने बोलूच नये असे सांगणे.

आमच्या जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. त्या निकालाला निर्दोषत्वाचा दाखला म्हणावे की गावाच्या मौनाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. अत्याचारप्रतिबंधक कायद्याचा गैरवापर होतो या समजुतीने सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट घातली. संसदेने त्याच वर्षी ती पुसली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने स्वतःच त्या सूचना मागे घेतल्या.

कायद्याचे तत्त्व खरे पाहता सोपे आहे. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली तर ती नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. नोंदवली म्हणून अटक केलीच पाहिजे असे नाही, हे २०१४ मध्ये सांगितले. ऐकून घेणे आणि शिक्षा करणे यांमधले हे अंतर राखणे, हाच सगळा न्याय. समाजाला मात्र ते अंतर राखता येत नाही. त्याची कान आणि हात ही इंद्रिये एकाच दोरीने बांधलेली आहेत. कायद्याने जेथे नेमके या दोरीवर घाव घातला तेथे काही साधले, असे मला दिसते: डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या ऑगस्ट २०१३ मधील खुनानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणी-भुताळीचा आळ घेऊन त्याचे जगणे अवघड करणे हाच गुन्हा ठरवला, आणि २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने दारावर हाड बांधण्याच्या आधुनिक प्रकारांवर बंदी आणली. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेविषयी मात्र माझे मत तितकेसे अनुकूल नाही. बक्षिसाच्या आशेने कज्जे मिटवताना कोणाचा आवाज मिटवला गेला, याची नोंद त्या मोहिमेच्या वह्यांत ठेवण्याची सोय नव्हती.

राहता राहिला सुटलेल्या माणसाचा प्रश्न. आपल्या तुरुंगांतील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे आरोपापलीकडे त्यांच्याविरुद्ध अद्याप काहीही ठरलेले नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते एप्रिल २०१६ मध्ये. त्याहून अस्वस्थ करणारे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका खून-बलात्काराचे. भटक्या जमातीतल्या सहा जणांना त्यात पकडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या सहाही जणांसाठी फाशीचा निर्णय दिला. आणि त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी, तपास चुकीचा होता असे सांगत, त्या सर्वांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा हुकूम केला. त्यांच्यापैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने आपलीच चूक दुरुस्त करण्याचे असे धैर्य दाखवावे ही दुर्मिळ गोष्ट आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. पण सोळा वर्षांनी परतलेला माणूस ज्या वस्तीत उतरतो तिने अटकेची बातमी फोटोसकट वाचलेली असते आणि निकालाचे इंग्रजी पान पाहिलेले नसते.

अटकेची बातमी ज्या पानावर, ज्या मथळ्याच्या मापाने छापली त्याच पानावर त्याच मापाने सुटकेची बातमी छापण्याचे बंधन वृत्तपत्रांनी स्वतःवर घालून घ्यावे, हे सांगून झाले आहे आणि कोणी ऐकलेले नाही. त्यामुळे मी ते पुन्हा सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र सरकारच्या हातातली आहे. निर्दोष सुटलेल्याच्या निकालाचा मराठी गोषवारा न्यायालयाने त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीकडे धाडावा आणि ग्रामसेवकाने तो पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून इतिवृत्तात नोंदवावा, एवढी तजवीज एका परिपत्रकाने होऊ शकते. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यातील पेसा गावांत ग्रामसभेला कायद्याने विशेष अधिकार आहेत. सुरुवात तेथून करता येईल.